सामायिक वस्तूंची पाळी: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांस खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, माहिती तंत्रज्ञान व सांस्कृतिक कार्य,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली संमत झाला व त्याच्या आधारे 'आपले सरकार' ही सेवा उभी राहिली, त्यास आता एक दशक लोटले. २०२५ च्या फेब्रुवारीत हीच सेवा व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषणातून देता यावी यासाठी राज्य शासनाने मेटा कंपनीशी करार केला, आणि त्याच्या महिनाभर आधी आंध्र प्रदेशाने 'मन मित्र' या नावाने तसाच उपक्रम सुरू केला. दाखला, उतारा वा परवाना मिळविण्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजविण्याऐवजी नागरिकाने भ्रमणध्वनीवर चार अक्षरे लिहावीत आणि पलीकडून एखाद्या यंत्राने, म्हणजे ज्यास तरुण मंडळी बॉट म्हणतात त्याने, त्याच्या अर्जाचा परामर्श घ्यावा, अशी ही योजना आहे. आणि ज्याने अव्वल कारकुनाच्या मेजापुढे ताटकळण्यात आयुष्याची उमेदीची वर्षे घालविलेली माणसे पाहिली आहेत, असा कोणीही मनुष्य तिचे स्वागतच करील. तथापि दाखला ही ज्याची त्याची वस्तू आहे. माझ्या नावचा सातबारा मला मिळाल्याने शेजाऱ्याचा सातबारा उणा होत नाही. जेथे वस्तू एक आणि हक्कदार अनेक असतात, तेथे मात्र प्रश्नाचे स्वरूपच पालटते. ग्रामपंचायतीचे सभागृह, शववाहिका, पाण्याचा टँकर, बचत गटाचा पॉवर टिलर यांच्या पाळ्याही आज ना उद्या याच संभाषणातून लागू लागतील हे सांगावयास ज्योतिषाची गरज नाही, आणि तो दिवस उजाडण्यापूर्वी या विषयातील काही गोष्टी आपल्या कानावर घालाव्यात म्हणून हे पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे.

मी संगणकशास्त्राचा जाणकार नाही. दिवाणी न्यायालयात कारकुनी करून निवृत्त झालेला, आणि कर्ली नदीच्या परिसरातील वालावल गावी, लक्ष्मीनारायणाचे देऊळ व त्यालगतचा तलाव यांच्या सान्निध्यात उरलेले दिवस काढणारा मी एक सामान्य गृहस्थ आहे. परंतु माझा भाचा पुण्याच्या एका संगणक कंपनीत नोकरीस असून, २०२० च्या टाळेबंदीनंतर घरून काम करण्याची जी मुभा कंपनीने दिली तिचा लाभ घेऊन तो वर्षातील काही महिने आमच्या माडीवर मांड ठोकून बसतो, आणि त्याच्या कामाचा एक भाग माझ्या जुन्या व्यवसायाशी इतका सदृश निघाला की मी त्याच्याशेजारी खुर्ची ओढून तो नीट समजून घेतला.

या मंडळींचे दिवसभराचे बोलणे स्लॅक नावाच्या संभाषणयंत्रणेतून चालते. गिऱ्हाईक ज्याचा वापर करते ते संगणकीय दालन वेगळे, आणि नवे फेरफार लोकांपुढे जाण्याआधी पारखून घेण्यासाठी उभे केलेले, पहिल्याची हुबेहूब प्रतिकृती असलेले दालन वेगळे. या दुसऱ्यास ते 'स्टेजिंग' म्हणतात. अशी प्रतिकृती पोसणे खर्चाचे असल्यामुळे वीस-पंचवीस माणसांत मिळून ती एक किंवा दोनच असतात, आणि दोघांनी एकाच वेळी आपापले फेरफार तिच्यावर चढविले की पहिल्याची परीक्षा दुसऱ्याच्या दोषामुळे नापास होते, आणि कोणाचे पाप कोणाच्या माथी आले हे हुडकण्यात अख्खी दुपार जाते. प्रारंभी ही मंडळी 'स्टेजिंग कोणी वापरतंय का रे?' असा सर्वांस उद्देशून पुकारा करीत. परंतु ज्याने उत्तर द्यावयाचे तोच नेमका जेवावयास गेलेला असे. मग एक तक्ता आला, जो भरण्याचे सर्वांनी मान्य केले आणि कोणीही भरला नाही. जेम्स शोर नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाने २००६ साली याच व्याधीवर एका रबरी कोंबडीचा उतारा सुचविला होता, असे भाच्याकडून ऐकले: ज्याच्या मेजावर कोंबडी असेल त्यानेच काय ते फेरफार चढवावेत, इतरांनी थांबावे. हा उपाय हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण कोंबडी एका वेळी दोन मेजांवर असू शकत नाही आणि ती कोणाकडे आहे हे मान वर करून पाहणाऱ्या प्रत्येकाला दिसते, अडचण एवढीच की एक मनुष्य पुण्यात आणि दुसरा वालावलीत बसला असेल तर कोंबडी धाडावयाची कशी.

त्या अडचणीतून बॉट जन्मास आला. संभाषणाच्या दालनात तो इतर सभासदांसारखाच एक सभासद असतो. 'स्टेजिंग दोन तास राख' असे त्यास लिहिले की तो नाव आणि वेळ टिपून घेतो, दुसऱ्याने मागितल्यास सध्याच्या धारकाचे नाव सांगून त्यास रांगेत उभा करतो, आणि पहिल्याने 'सोडले' म्हणताच पुढच्यास हाक मारतो. माझ्या न्यायालयात पुकारा करणारा बेलिफ, नोंद करणारा कारकून आणि तारखांचे दप्तर सांभाळणारा शिरस्तेदार ही तिन्ही कामे हा एकटा, विनावेतन आणि चहा न पिता करतो, हे पाहून मला त्याचे कौतुक वाटले.

ते कौतुक आषाढात थोडे ओसरले. भाच्याने सकाळी स्टेजिंग राखले, दुपारी वादळ आले, वीज गेली, पाठोपाठ भ्रमणध्वनीचा मनोराही मुका झाला, आणि आमचा आणि पुण्याचा संबंध तुटला. इकडे तो कंदिलाच्या उजेडात बसलेला, तिकडे त्याचे सहकारी बॉटला पुनःपुन्हा विचारीत आहेत, आणि बॉट प्रत्येकास त्याच शांत, अविचल, निर्विकार स्वरात सांगत आहे की वस्तू अमक्याच्या ताब्यात आहे. ज्याने राखले त्यानेच सोडावे, असा त्या बॉटचा नियम. त्यावर अधिकार चालविणारा मनुष्य रजेवर. दुसऱ्या दिवशी संपर्क पूर्ववत् होईपर्यंत ते दालन रिकामे होते आणि तरीही कोणास मिळत नव्हते. 'दोन तास' हे शब्द बॉटने टिपले होते खरे, पण टिपले होते ते केवळ इतरांच्या माहितीसाठी. दोन तास उलटले म्हणून हक्क संपतो, हे त्यास कोणी शिकविलेच नव्हते.

महोदय, या पत्राचे प्रयोजन पुढील एका वाक्यात आहे. पाळी लावणाऱ्या यंत्राची परीक्षा वस्तू देण्यात होत नाही, ती परत घेण्यात होते. आणि मी जी जी लौकिक व्यवस्था पाहिली वा वाचली आहे, तिच्यात सारी बुद्धी या परत घेण्यावरच खर्च झालेली आढळते.

संगणकशास्त्रासही हे ठाऊक नाही असे नाही. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाने १९६५ साली अनेक क्रिया एकाच वेळी चालू असता सामायिक वस्तू एका वेळी एकाच्याच हाती राहील याची तजवीज कशी करावी, याचे उत्तर प्रसिद्ध केले, आणि या कामी योजलेल्या आपल्या साधनास त्याने रेल्वेच्या हातदर्शी सिग्नलाचे नाव दिले. परंतु ज्याच्या हाती वस्तू आहे तोच मध्येच गतप्राण झाला तर काय करावे, या प्रश्नाने पुढील पिढीस छळले. आणि १९८९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील केरी ग्रे व डेव्हिड चेरिटन यांनी त्यावर असा तोडगा काढला की कुलूप द्यावे ते कायमचे देऊच नये, मुदतीच्या पट्ट्याने द्यावे, आणि धारकाने मुदतीपूर्वी येऊन पट्टा वाढवून घेतला नाही तर तो आपोआप रद्द व्हावा, मग धारक जिवंत असो वा नसो. आमच्या महसूल खात्यातील कोणत्याही तलाठ्याने हा तोडगा बसल्या जागी सांगितला असता. मुदतपट्टा आणि वहिवाट यांतील भेद ज्याने एकदा न्यायालयात पाहिला आहे, तो मनुष्य बेमुदत ताबा देण्यास कधी धजणार नाही, कारण बेमुदत ताब्याचे रूपांतर काही वर्षांनी हक्कात होते आणि मग त्या हक्काच्या बचावासाठी वकील उभे राहतात. भाच्याच्या कंपनीने त्या आषाढानंतर आपल्या बॉटास मुदत शिकविली. आपल्या खात्याने ती पहिल्या दिवसापासून शिकवावी.

परंतु केवळ मुदतीने काम भागत नाही. आमच्या बाजूच्या कितीतरी वाड्यांतून मंडळाची सामायिक भांडी असतात: मोठे टोप, पातेली, परात, वाढपाची भांडी, समया, कुठे कुठे सतरंज्या आणि मांडवाचे कापडही. लग्न, मुंज, सत्यनारायण, बारावा, काहीही असो, भांडी मंडळातून न्यावयाची आणि कार्य झाले की घासून परत आणून द्यावयाची. ती ज्याच्या ताब्यात असतात त्याच्यापाशी भांड्यांच्या कोठीची किल्ली आणि एक वही असते, आणि त्या वहीत काय गेले, कोणाकडे गेले आणि काय परत आले याची नोंद असते. पळी हरवली तर पळीचे पैसे द्यावे लागतात, आणि त्या पैशांपेक्षा वहीत ती गोष्ट नावानिशी लिहिली जाते हाच मोठा दंड होय. वैशाखात मुहूर्त एकाच दिवशी येतात आणि दोन घरांत दोन लग्ने उभी राहतात. अशा वेळी आधी सांगेल त्याला आधी, हा नियम सामान्यतः पाळला जातो. परंतु तो नियम सर्वोच्च नाही. भांडी लग्नासाठी बोललेली असताना तिसऱ्याच घरी मृत्यू झाला आणि बाराव्याचे जेवण त्याच दिवशी आले, तर भांडी कोठे जावीत? माझ्या लहानपणी आमच्या वाडीतील किल्लीवाल्या वृद्धाने असा प्रसंग आला असता लग्नघरी जाऊन स्वतः सांगितल्याचे मला स्मरते, 'लगीन फुडे ढकलूक गावता, मयत नाय.' लग्न अर्थातच ढकलले गेले नाही. शेजारच्या गावातून भांडी आणली गेली, आणि ती आणण्याची खटपट त्या वृद्धानेच केली. आधी सांगण्याचा हक्क त्याने अमान्य केला नाही. त्या हक्काहून गरज मोठी ठरते तेव्हा हक्कदाराची सोय लावून देण्याचे दायित्व आपल्या शिरावर आहे, इतके त्याने जाणले. बॉटजवळ किल्ली आहे आणि वही आहे, परंतु लग्नघरी जाऊन बोलण्यास त्याला पाय नाहीत.

संगणकाच्या जगातही बारावे येतात. कोणी उद्याच्या प्रदर्शनासाठी स्टेजिंग राखून बसलेला असताना मध्यरात्री गिऱ्हाइकाकडील यंत्रणा कोसळते, आणि दुरुस्ती पारखून पाहण्यासाठी तेच दालन हवे असते. अशा वेळी उपयोगी पडावी म्हणून काही बॉटांत हिसकावून घेण्याची आज्ञा असते असे कळते. परंतु ती आज्ञा कोणीही देऊ शकतो किंवा कोणीच देऊ शकत नाही, ही दोन्ही टोके अनर्थकारक आहेत. ती देणारा मनुष्य नेमलेला असावा, त्याचे नाव सर्वांस ठाऊक असावे, आणि का हिसकावले हे त्याने सर्वांसमक्ष लिहावे.

आधी सांगेल त्याला आधी, या नियमाची गोष्ट निघाली की आमच्या कोकणवासीयांच्या जिव्हाळ्याचा एक विषय आल्याशिवाय राहत नाही. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ च्या जानेवारीत खुला झाला, आणि तेव्हापासून गणपतीच्या गाड्यांचे आरक्षण हा मुंबईकर चाकरमान्याच्या वर्षाचा एक विधीच होऊन बसला आहे. आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर १ नोव्हेंबर २०२४ पासून आली, तरी खिडकी उघडताच काही क्षणांत जागा संपतात त्या संपतातच. 'प्रथम येईल त्यास प्रथम' हे तत्त्व वरकरणी समदृष्टीचे दिसते, पण रांग अदृश्य झाली की प्रथम येण्याचे भाग्य ज्याचे जाळे वेगवान त्याच्या वाट्यास जाते, आणि ज्याचा मनोरा वाऱ्याने झुकला आहे तो कितीही पहाटे उठला तरी शेवटीच येतो. शहरातील कार्यालयात हा अन्याय किरकोळ असेल. ज्या वाडीत एका दरडीवर चढून उभे राहिले तरच भ्रमणध्वनी बोलतो, तेथील टँकरची पाळी या तत्त्वाने लावणे हा अन्याय किरकोळ नव्हे.

मात्र त्याच रेल्वेपासून घेण्याजोगी एक चांगली गोष्टही आहे. आरक्षण करून प्रवासी आलाच नाही, तर तपासनीस आपल्या यादीत त्याच्यापुढे तशी खूण करतो आणि ती जागा अर्धी बैठक मिळालेल्या वा प्रतीक्षेत असलेल्या प्रवाशास देतो. म्हणजे आरक्षण हे कागदावर असते तोवर दावा असते, आणि माणूस येऊन बसला म्हणजे त्याचा हक्क होतो. या दोहोंमधील अंतर डोळ्यांनी पाहणारा मनुष्य डब्यातून फिरत असतो. त्याहून जुनी आणि अधिक कडक युक्ती एकेरी मार्गावरची. दोन स्थानकांच्या मधल्या पट्ट्यात एका वेळी एकच गाडी असावी म्हणून नील यांच्या नावाने ओळखली जाणारी यंत्रे दोन्ही स्थानकांत बसविलेली असतात, आणि त्या यंत्रातून निघालेला लोखंडी गोळा हाती आल्याशिवाय चालकाने पुढे जावयाचे नाही. तो गोळा पुढच्या स्थानकातील यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा गोळा कोणत्याही बाजूने बाहेर येतच नाही. येथे 'सोडले' असे तोंडाने म्हणण्यास काहीच किंमत नाही. गाडी पोहोचली आणि गोळा यंत्रात पडला, म्हणजेच मार्ग सुटला. भाच्याच्या बॉटला हे साधणे अशक्य नव्हते. स्टेजिंगवर गेल्या तासाभरात कोणी काही चढविले की नाही, हे त्या दालनाच्या नोंदीत लिहिलेलेच असते. बॉटने ते वाचावे, आणि कोणी राखून नुसता बसला असेल तर त्यास विचारावे, उत्तर न आल्यास पुढच्यास हाक मारावी. लोकांच्या शब्दावर सर्वस्वी विसंबणारा पहारेकरी हा पहारेकरीच नव्हे.

डोळ्यांनी पाहून पाणी वाटणाऱ्या पहारेकऱ्याचे सर्वांत परिपूर्ण उदाहरण मात्र कोकणात नाही, ते धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत आहे. पांझरा, मोसम, गिरणा इत्यादी नद्यांवर बंधारे घालून पाणी वळविण्याची फड पद्धती तेथे शतकानुशतके चालत आलेली आहे. बंधाऱ्याखालील जमीन तीन-चार फडांत विभागलेली असते, एका फडात एकच पीक, आणि खातेदाराच्या जमिनीचे तुकडे साधारणतः प्रत्येक फडात असतात, यासाठी की पाणी तुटले आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला तर त्याची झळ सर्वांसच सारखी लागावी. पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याचे. खातेदाराने आपल्या हाताने चारी फोडावयाची नाही. त्या पाटकऱ्याचे वेतन बहुधा धान्याच्या रूपाने खातेदारच देतात, म्हणून तो कोणा दूरच्या धन्यास नव्हे तर त्यांनाच उत्तरदायी असतो. तो पाटाच्या काठाने चालतो, भिजलेले आणि न भिजलेले पाहतो आणि त्याप्रमाणे वाफा बदलतो. 'माझे झाले' असे शेतकऱ्याने सांगण्याची तो वाट पाहत नाही, आणि 'माझे झाले नाही' असे त्याने सांगितले तरी ओली माती त्यास खरे काय ते सांगते.

याच्याही पुढचे पाऊल १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावास विलासराव साळुंखे यांनी टाकले. त्यांच्या पाणी पंचायतीत पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या संख्येप्रमाणे दिला गेला, भूमिहीनास त्यात वाटा मिळाला, आणि ऊस वर्ज्य ठरला. पाळी कोणाची हा प्रश्न नंतरचा. वाटा किती हे आधी ठरले पाहिजे, ही त्यामागील दृष्टी. शर्यत लावून पाणी वाटले असते तर ते पंपवाल्यांनीच जिंकले असते. आमच्या दक्षिणेस गोव्यातील गावकऱ्यांनी पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या सामायिक जमिनींचा कारभार स्वतः चालविला, आणि तो इतका व्यवस्थित होता की १५२६ साली अफोन्सु मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्यास त्यांच्या रूढींची सनदच लिहून काढावी लागली. सामायिक वस्तू म्हणजे नासाडी ठरलेलीच, असे प्रतिपादन गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली केले तेव्हा अर्थशास्त्रज्ञांनी माना डोलावल्या. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात जगभरच्या कुरणांचे, पाटांचे आणि मासेमारीचे दाखले देऊन ते खोडून काढले, आणि २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. टिकलेल्या व्यवस्थांची जी लक्षणे त्यांनी सांगितली, त्यांत पहारा करणारा वापरणाऱ्यांस उत्तरदायी असणे, चुकीची शिक्षा प्रथम सौम्य व मग चढत जाणे, आणि तंटा जागच्या जागी स्वस्तात मिटणे ही येतात. आमच्या वाडीच्या किल्लीवाल्याने तो ग्रंथ वाचलेला नव्हता.

सांस्कृतिक कार्य हे खातेही आपल्याकडेच आहे, म्हणून एक विषयांतर करण्याची मुभा घेतो. कार्तिकापासून आमच्याकडे जत्रांचा हंगाम सुरू होतो. प्रत्येक देवळाच्या जत्रेची तिथी ठरलेली, आणि अनेक ठिकाणी त्या रात्री कोणत्या दशावतारी कंपनीने नाटक करावयाचे याचा मानही परंपरेने ठरलेला. त्यामुळे पेटारा घेऊन आज या गावी व उद्या त्या गावी जाणाऱ्या कंपनीचा सारा हंगाम कोणीही कोणास न विचारता आधीच आखलेला असतो. चंद्रकलांच्या आधारे केलेले एवढे विस्तृत आरक्षणपत्रक, जे एका तिथीस एका गावाचे करून टाकते आणि प्रतिवर्षी स्वतःच नवे होते, ते दुसऱ्या कोणत्या खात्यापाशी असेल असे मला वाटत नाही. आणि जेथे मानापानावरून तंटा उपस्थित होतो, तेथे गाऱ्हाणे घालून देवास कौल लावतात, आणि देवाच्या अंगावर लावलेल्या कळ्यांतून होकार वा नकार येतो. भाच्याने हे ऐकून हसत म्हटले की हाही बॉटच की. त्यास मी उत्तर दिले की असेल. परंतु त्या बॉटास कोणी मध्यरात्री एकट्याने अंगठा दाबून विचारीत नाही. भोवती मानकरी असतात, गाऱ्हाणे सर्वांस ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात घातले जाते, आणि प्रश्न कसा मांडला गेला हे सारा गाव ऐकत असतो.

या सार्वजनिकतेमुळेच संभाषणातील बॉट मला संकेतस्थळावरील अर्जाहून श्रेष्ठ वाटतो. अर्ज एकांतात भरला जातो. बॉटास मात्र सर्वांच्या देखत विचारले जाते, आणि कोण वारंवार राखतो, कोण वेळेवर सोडतो, कोण मागून घेतो आणि वापरीत नाही हे कोणी चहाडी न करता सर्वांस दिसते. संकोच हा फार स्वस्त आणि परिणामकारक शिपाई आहे. आपल्या योजनेत व्हॉट्सअ‍ॅपवरील संवाद हा नागरिक आणि शासन या दोघांपुरताच राहणार असेल, तर दाखल्यांसाठी ते योग्यच, कारण माझे उत्पन्न शेजाऱ्याने का वाचावे. सामायिक वस्तूच्या बाबतीत मात्र तो गुप्तपणा घातक होईल. सभागृह महिन्यातून किती वेळा एकाच पक्षाच्या बैठकीसाठी राखले गेले, हे गावास दिसलेच पाहिजे.

तेव्हा विनंती अशी. ग्रामपंचायतींच्या सामायिक वस्तू संभाषणातून राखण्याची सोय आपले खाते जेव्हा करील, तेव्हा तिच्यात मुदत सक्तीची असावी व ती संपताच वस्तू विनाअर्ज मोकळी व्हावी. वस्तू खरोखर वापरात आहे की नाही हे पाहण्याचा काही मार्ग असावा, मग तो टिलरचा तासमापक असो, सभागृहाच्या किल्लीची नोंद असो वा टँकरचालकाने घातलेली खूण असो. मृत्यू, आजार आणि पाणी यांस लग्नसमारंभाहून व सभांहून अग्रक्रम असावा, व त्याचा निर्णय यंत्राने न घेता ग्रामसभेने नेमलेल्या व गावात राहणाऱ्या मनुष्याने घ्यावा. आणि ज्याच्यापाशी भ्रमणध्वनी नाही वा असून चालत नाही, त्याने पंचायतीच्या कचेरीत येऊन तोंडी सांगितलेली मागणी संभाषणातून आलेल्या मागणीइतकीच, त्याच क्षणाच्या नोंदीने, ग्राह्य धरावी. अग्रक्रमांची यादी मंत्रालयात तयार करू नये. किनारपट्टीवरील गावास बर्फाच्या गाडीची निकड असेल, आमच्यासारख्या नदीकाठच्या गावास पुराच्या दिवसांत होडीची. ती ज्या त्या ग्रामसभेने करावी.

आणखी एक मुद्दा राहतो, आणि न्यायालयातील जुन्या सवयीमुळे मला तो सोडवत नाही. वही कोणाची? स्लॅकमधील वही स्लॅकच्या मालकाची, व्हॉट्सअ‍ॅपमधील संभाषण मेटाच्या यंत्रणेतून जाणारे. कंपनीने उद्या दर वाढविले, अटी बदलल्या किंवा ती सेवाच बंद केली, तर गावाच्या पाळ्यांचे दप्तर कोठे राहील? वाडीची वही फाटली तर दुसरी शिवता येते, कारण ती वाडीत असते. म्हणून नोंदींचे मूळ दप्तर शासनाच्या किंवा पंचायतीच्या ताब्यात राहावे, संभाषण हे केवळ त्याचे दार असावे, आणि दर महिन्याच्या नोंदींचा छापील उतारा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला जावा, जेणेकरून हरकत असणाऱ्याने ती पुढील ग्रामसभेत मांडावी.

येत्या जत्रांच्या हंगामापूर्वी कुडाळ तालुक्यातील तीन-चार गावांत, त्या गावांची संमती घेऊन, सभागृह आणि शववाहिका या दोनच वस्तूंवर हा प्रयोग करून पाहावा, आणि त्याच्या नियमांचा मसुदा १ मे किंवा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपुढे मराठीत, व वाचून दाखवावयाचा झाल्यास मालवणीत, ठेवला जावा, एवढे आपण संबंधितांस कळविले तर पुढील पत्रव्यवहार मी तालुक्यातच करीन.



आपला नम्र,
वालावल (ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग) येथील एक रहिवासी